मांडव्याचा शूल

गेल्या श्रावणांत नातीला महाभारतांतील कथा सांगण्याचा मीं नेम धरिला होता. नात नऊ वर्षांची. गोष्ट चालूं असतां मध्येंच थांबवून प्रश्न विचारण्याची तिला संवय. एके दिवशीं दिवेलागणीनंतर आदिपर्वांतील मांडव्य ऋषींची कथा निघाली. बहुतेक वाचकांस ती ठाऊक असेल. तरी पुढील सर्व विवेचन तिच्याच आधारानें व्हावयाचें असल्यामुळें ती थोडक्यांत सांगतों.

मांडव्य ऋषि आपल्या आश्रमाच्या दाराशीं, वृक्षाखालीं, हात वर करून मौनव्रतानें तप करीत उभे होते. चोरीचा माल घेऊन पळणारे कांहीं चोर पाठलागाच्या भयानें त्या आश्रमांत शिरले आणि मालासह तेथेंच दडून बसले. मागोमाग राजाचे रक्षक आले. चोर कोणत्या वाटेनें गेले, असें त्यांनीं ऋषींस विचारिलें. व्रतस्थ असल्यामुळें ऋषि कांहींच बोलले नाहींत. रक्षकांनीं आश्रम धुंडाळिला. चोर सांपडले, मालही सांपडला. आणि विचारलें असतां न बोलणारा हा मनुष्यही त्यांचाच सोबती असला पाहिजे असा संशय त्यांच्या मनांत आला. राजानेंही अधिक चौकशी न करितां चोरांबरोबर ऋषींस सुळीं देण्याची आज्ञा केली. तपोबलानें ऋषींचा प्राण गेला नाहीं. पुढें खरा प्रकार कळतांच राजा धांवत आला, त्यानें ऋषींचे पाय धरिले, शूल उपटून काढण्याची खटपट केली. पण तो निघेना. तेव्हां शूल बाहेरून तोडला, आणि आंत राहिलेलें टोंक तसेंच घेऊन ऋषि पृथ्वीवर संचार करूं लागले. अणी म्हणजे शूलाचें टोंक. म्हणून त्यांचें नांव अणीमांडव्य पडलें.

गोष्ट संपली. नात क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "आजोबा, राजानें क्षमा मागितली ना? मग तो तुकडा कां नाहीं निघाला?"

मीं तिला कांहींतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. चाळीस वर्षांपूर्वींचा एक मुलगा डोळ्यांपुढें येऊन उभा राहिला. त्याची हकीकत सांगावयाचीच आहे. पण ती नीट समजावी म्हणून आधीं थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

जन्मानेंच गुन्हेगार

सन १८७१ च्या ऑक्टोबर महिन्यांत इंग्रज सरकारनें 'गुन्हेगार जमातींचा कायदा' केला. एखाद्या मनुष्यानें गुन्हा केला म्हणून त्यास शिक्षा करणारे कायदे सर्व देशांत असतात. या कायद्याची तऱ्हा निराळी होती. येथें अमुक जमात गुन्हेगार आहे असें सरकारनें गॅझेटांत जाहीर केलें कीं त्या जमातींत जन्मणारें प्रत्येक मूल पाळण्यांतच संशयित ठरत असे. ही जाहीर नोटीस योग्य कीं अयोग्य, हें तपासण्याची न्यायालयांसही मुभा ठेवलेली नव्हती. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तेव्हां चोराचा मुलगा चोर, असा युक्तिवाद हा कायदा करतांना मांडला गेला. आमच्याच जातिव्यवस्थेचा दाखला घेऊन परक्यांनीं आमच्याच माणसांस बेड्या घातल्या, आणि आपणां सुशिक्षितांस त्यांत कांहीं विपरीत वाटलें नाहीं, हें लिहितांना मान खालीं जाते.

हा कायदा कोणत्या मनःस्थितींतून जन्मला, हें पाहण्यासारखें आहे. सन १८५७ चा उठाव होऊन चौदा वर्षें झालीं होतीं. त्याआधीं ठगांच्या बंदोबस्ताच्या भयकथा विलायतेपर्यंत पोंचल्या होत्या. ज्याला घर आहे, शेत आहे, खातेवहींत ज्याचें नांव आहे, त्याला राज्यकर्ता ओळखूं शकतो. त्याच्याकडून सारा घेऊं शकतो, समन्स बजावूं शकतो. पण जो आज येथें आणि उद्यां तेथें, ज्याचें घर म्हणजे बैलाच्या पाठीवरील पाल, त्याचें काय करावें? अशा माणसांचें राज्यकर्त्यांस भय वाटूं लागलें, आणि जें कळत नाहीं तें घातक आहे असें मानण्याची मनुष्याची खोड फार जुनी आहे.

वस्तुतः या लोकांपैकीं पुष्कळांचे धंदे समाजाच्या गरजेचे होते. बंजारे बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य लादून देशभर नेत. कैकाडी कणगी, टोपल्या विणीत. पारधी रानांत पारध करीत आणि शेताची नासाडी करणाऱ्या जनावरांचा बंदोबस्त करीत. सन १८५३ मध्यें बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि पुढील वीसपंचवीस वर्षांत लोहमार्गांचें जाळें पसरत गेलें तसे तांडे ओस पडले. सन १८७८ च्या जंगल कायद्यानें रानें सरकारची झालीं. काल जी पारध होती ती आज चोरी झाली. म्हणजे आधीं माणसाच्या हातचें काम काढून घेतलें, आणि मग रिकाम्या हातांकडे बोट दाखवून हा चोर आहे असें म्हटलें!

प्रारंभीं हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. सन १९११ च्या सुधारलेल्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासही लागूं झाला. सन १९२४ मध्यें त्याची पुन्हां एकवार मांडणी झाली. 'सुधारलेला' हा शब्द मी कायद्याच्या भाषेंतील म्हणून वापरितों. या कायद्याखालीं जमातीच्या लोकांच्या बोटांचे ठसे घेत, नांवें नोंदवीत, ठराविक वेळीं हजेरी घेत. दाखल्यावांचून गांवाची शीव ओलांडण्यास बंदी असे. कांहीं जमातींस तारेच्या कुंपणांत वसवीत. लहान मुलांस आईबापांपासून काढून निराळें ठेवण्याचा अधिकारही सरकारनें आपल्याकडे घेतला होता. सोलापुरास अशी मोठी वसाहत होती. तींतील लोकांस गिरण्यांत कामास लावीत आणि कामावरून परत कुंपणांत आणीत. सोलापुरांतील त्या भागास अजूनही लोक 'सेटलमेंट' म्हणतात. तेथें राहणाऱ्यांच्या नातवंडांस आपला पत्ता सांगतांनाच आपल्या आजोबांची हजेरी द्यावी लागते.

स्वातंत्र्यानंतर हें बदललें. मुंबई राज्यानें सन १९४९ मध्यें हा कायदा रद्द केला. अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेंही तो रद्द करावा असा अभिप्राय दिला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो सर्व देशांतून गेला. त्या दिवसापासून या लोकांस 'विमुक्त' असें नांव मिळालें. राजानें क्षमा मागितली. शूल बाहेरून तोडला.

आणि टोंक? तें आंतच राहिलें. सन १९५९ मध्यें मुंबई राज्यांत सराईत गुन्हेगारांचा निराळा कायदा झाला. त्याची भाषा व्यक्तीपुरती होती; परंतु पोलिसांची नजर जुन्या यादीवरच राहिली. लक्ष्मण माने यांचें 'उपरा' सन १९८० मध्यें आणि लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' सन १९८७ मध्यें प्रसिद्ध झालें. ज्यांनीं हीं आत्मकथनें वाचलीं असतील त्यांस मी काय म्हणतों तें सांगावयास नको. ज्यांनीं वाचलीं नसतील त्यांनीं घरांतील कपाटांत या दोन ग्रंथांस अवश्य जागा करावी. आपल्याच जिल्ह्यांत, आपल्याच गांवकुसाबाहेर काय चाललें होतें, हें तेथें आपल्याच मायबोलींत लिहिलेलें आहे.

हजेरी

आतां त्या मुलाविषयीं.

सन १९८६ सालीं मी एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक होतों. गांवाबाहेर ओढ्याच्या कांठीं पारध्यांचीं तीनचार पालें असत. त्यांतील एक मुलगा जूनपासून माझ्या चौथीच्या वर्गांत येऊं लागला. त्याचें नांव मला ठाऊक आहे. येथें लिहीत नाहीं, कारण त्याची परवानगी मजपाशीं नाहीं. अंगानें किडकिडीत, बोलणें अगदीं बेताचें. तोंडी हिशेबांत मात्र वर्गांत त्याच्या पुढें कोणी नव्हता. हजेरी घेतांना इतर मुलें 'हजर' असें ओरडत. हा जागेवर उभा राही, हात जोडी, आणि मग हळूच 'हजर' म्हणे. मीं त्याला एकदां सांगितलें कीं, बाळ, उभें राहावयास नको. तो म्हणाला, "आजा असाच द्यायचा." त्याचा आजा कोणती हजेरी देत असे, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें नाहीं. मीं हंसून पुढचें नांव घेतलें.

त्या हिवाळ्यांत वर्गाची सहल ठरली. अठ्ठावीस मुलांकडून पंधरा पंधरा रुपयेप्रमाणें चारशें वीस रुपये जमले. ते एका कापडी बटव्यांत घालून मीं वर्गाच्या कपाटांत ठेविले. त्याच आठवड्यांत गांवची जत्रा होती व त्यानिमित्त ओढ्याकांठीं आणखी पांचसात पालें येऊन उतरलीं होतीं. शिक्षकांच्या खोलींत कोणीतरी म्हणालें, "गुरुजी, दिवस वाईट आहेत, पैसे जपून ठेवा." मला दोन दिवस कणकण होती, शनिवारीं दुपारीं तर ताप भरला होता. सोमवार, मंगळवार मी अंथरुणांत काढिले. बुधवारीं शाळेंत येऊन कपाट उघडतों, तो बटवा नाहीं!

पुढें जें झालें तें पाव घटकेंत झालें. मीं कोणाचेंही नांव घेतलें नाहीं; घ्यावें लागलेंच नाहीं. वर्गांतील सर्व मुलांचे डोळे आपोआप एका कोपऱ्याकडे वळले, आणि माझेही वळले. मी त्याच्यापाशीं गेलों. मी कांहीं विचारण्यापूर्वींच तो उभा राहिला, आणि आपल्या चड्डीचे दोन्ही खिसे त्यानें आपण होऊन उलटे करून दाखविले. चिंचोके खालीं पडले. मग त्यानें दप्तर उलटें केलें. मग सदऱ्याचीं बटणें काढूं लागला. नऊदहा वर्षांच्या त्या पोराला झडतीचा क्रम पाठ होता.

"पैसे कोठें आहेत?" मीं विचारिलें. तो बोलला नाहीं. दोनदां, तीनदां विचारिलें. तो बोलला नाहीं. आणि त्याचें तें न बोलणें हाच पुरावा आहे असें मला वाटलें. वाचकहो, मी त्या वेळीं दहा वर्षें मुलांस गोष्टी सांगत आलों होतों. मांडव्याची कथा मला तोंडपाठ होती.

प्रकरण वरिष्ठांकडे गेलें. तेथून गांवांत निरोप गेला. त्या रात्रीं ओढ्याकांठीं काय झालें तें मीं पाहिलें नाहीं, आणि पाहावयास जावें असें मला वाटलेंही नाहीं. सकाळीं सर्व पालें उठलेलीं होतीं. तीन दगडांच्या चुली तेवढ्या मागें राहिल्या होत्या.

आठ दिवसांनीं भूगोलाच्या तासाला आशिया खंडाचा नकाशा खुंटीवरून काढून मीं उलगडला. गुंडाळींतून कापडी बटवा खालीं पडला. नाणीं जमिनीवर विखुरलीं. शनिवारीं दुपारीं, तापाच्या भरांत, गांवांत पालें वाढलीं आहेत या धास्तीनें मींच तो बटवा कपाटांतून काढून नकाशांत दडविला होता आणि साफ विसरून गेलों होतों. चोर कोणी नव्हताच. होती ती माझी भीति, आणि तिनेंच पैसेही लपविले आणि चोरही शोधून दिला.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. मुलें टकमक पाहत होतीं. त्या वेळीं मीं त्यांस सांगावयास पाहिजे होतें कीं, मुलांनो, अपराध माझा आहे. तुमच्या वर्गबंधूवर मीं अन्याय केला. मी एवढेंच म्हणालों, "पैसे सांपडले. पुस्तकें उघडा." सत्तावीस मुलांस त्या दिवशीं मीं भूगोल शिकविला, खरा धडा शिकविण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

दोन आठवडे शोध करून, दहा कोसांवरील एका गांवाच्या माळावर मीं त्यांचें पाल गांठलें. मुलगा दिसला नाहीं. पारध करावयास गेला होता असें कळलें. त्याचा आजा बाहेर बसला होता. मीं सर्व सांगितलें, हात जोडले. म्हातारा रागावला नाहीं. तो रागावता तर बरें झालें असतें. तो म्हणाला, "मास्तर, तुमी आलात, लई झालं. पर येक सांगा, पोरगं बोललं असतं, तर तुमी ऐकलं असतं का?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. मुलगा शाळेंत परत आला नाहीं. वर्षअखेरीस हजेरीपटांतून त्याचें नांव लाल शाईनें कमी करावें लागलें, आणि तें मींच केलें.

झोळीवाला

आतां माझ्या वाचकांस, आणि विशेषतः घरांतील माताभगिनींस, एक प्रश्न विचारितों. मूल जेवत नाहीं, झोंपत नाहीं, हट्ट करितें, अशा वेळीं आपण त्याला काय म्हणतों? "गप्प बैस, नाहीं तर झोळीवाला धरून नेईल." "त्या गोसाव्याला देऊन टाकीन." हें वाक्य मीं माझ्या आजीकडून ऐकलें, माझ्या आईकडून ऐकलें, आणि माझ्या मुलांस मींही ऐकविलें आहे. त्यांत कोणाचाही वाईट हेतु नव्हता. पण बी पेरणाऱ्याचा हेतु पाहून झाड वाढत नाहीं.

सन २०१८ च्या पावसाळ्याच्या आरंभीं मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याच्या बातम्या भ्रमणध्वनींवरून गांवोगांव पसरल्या होत्या. १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी तेथें आले होते. हे लोक सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेसाठीं देशोदेशीं हिंडणारे. त्यांच्यापैकीं एकजण एका लहान मुलीशीं बोलूं लागला, असें तेव्हांच्या वृत्तांत आलें होतें. तेवढें पुरलें. जमाव जमला. त्यांस मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेलें, आणि तेथें त्या पांचही जणांचा प्राण जाईपर्यंत मारलें. मागाहून कळलें कीं ते कोणाचेंही मूल न्यावयास आलेले नव्हते.

मारणारे लोक राक्षस होते काय? तसें म्हणून आपली सुटका करून घेणें सोपें आहे. त्यांतील बहुतेक आईबाप असतील. आपल्या मुलांची काळजी त्यांच्या मनांत खरीच असेल. माझेंही त्या बुधवारीं मुलांच्या पैशाविषयींचें दायित्व खरेंच होतें. भीतीचें विष हेंच कीं ती नेहमीं कर्तव्याचें रूप घेऊन येते. आपण क्रूर होत आहों असें भ्यालेल्या मनुष्यास कधींच वाटत नाहीं. आपण कोणाचें तरी रक्षण करीत आहों असेंच त्याला वाटत असतें.

दोन वर्षांनीं, १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, महामारीच्या टाळेबंदींत, पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें दोन साधु आणि त्यांचा वाहनचालक यांस जमावानें अशाच अफवांच्या दिवसांत ठार मारलें. भगवीं वस्त्रेंही त्यांच्या कामास आलीं नाहींत. आज परका कोण ठरेल, हें भीति प्रसंग पाहून ठरविते. ज्या समाजांत मांडव्याची कथा दोन हजार वर्षें सांगितली जात आहे, त्याच समाजांत मांडव्य पुन्हां पुन्हां सुळावर जात आहे.

शंका आणि समाधान

कोणी म्हणतील, "गुरुजी, हें सर्व ठीक, पण या लोकांत कांहीं चोर असतातच कीं नाहीं?" असतात. चोर सर्वांत असतात. सुशिक्षित, पांढरपेशा घराण्यांतील माणसांनीं पेढ्या बुडविल्या, विधवांच्या ठेवी गिळल्या, हें आपण वर्तमानपत्रांत वाचतों. तेव्हां आपल्या जातीच्या सर्व मुलांस तारेच्या कुंपणांत घालावें असें आपल्यापैकीं कोणीं सुचविल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. आपल्या माणसानें पाप केलें तर तें त्याचें एकट्याचें. दुसऱ्याच्या माणसानें केलें तर तें त्याच्या जातीचें. हें गणित जोंपर्यंत चालूं आहे तोंपर्यंत न्याय हा शब्द आपण उच्चारूं नये.

कथेंतील आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधितों. मांडव्य निरपराध होते म्हणून आपणांस हळहळ वाटते. परंतु त्यांच्या शेजारीं जे चोर सुळावर चढले, त्यांच्याविषयीं कोणी विचारीत नाहीं. कथा त्यांचें नांवही सांगत नाहीं. चोरी केली म्हणून जिवंतपणीं शूल? त्यांनाही घरें असतील, कोणी वाट पाहणारें असेल. मनुष्याचें मोल तो निर्दोष ठरल्यावर सुरू होत नाहीं. तें त्याच्या जन्माबरोबर सुरू होतें आणि त्याच्या अपराधानेंही संपत नाहीं. तो पारध्याचा मुलगा हिशेबांत हुषार होता म्हणून मला आज वाईट वाटतें, असें जर असेल तर माझा पश्चात्तापही खोटाच. तो मंदबुद्धि असता, आणि बटवा त्यानें खरोखर घेतला असता, तरी रात्रींतून त्याच्या आजाची चूल विझविण्याचा अधिकार मला कोणीं दिला होता?

आणि कथेचा शेवटही विसरूं नये. अणीमांडव्य यमधर्माकडे जाऊन विचारतात कीं, कोणत्या पापाचें हें फळ? धर्म म्हणतो, लहानपणीं तूं किड्यांस काड्या टोंचल्या होत्यास. ऋषि संतापतात. अल्प अपराधास एवढा दंड देणाऱ्या प्रत्यक्ष धर्मालाच ते शाप देतात. त्यामुळें धर्मास विदुराच्या रूपानें दासीच्या पोटीं जन्म घ्यावा लागतो. शिवाय चौदा वर्षांच्या आंतील मुलाच्या कृत्यास पाप लागणार नाहीं, अशी मर्यादा ते घालून देतात. न्याय करणाऱ्यानें अन्याय केला तर त्यालाही खालीं उतरून, ज्यांना हीन मानलें जातें त्यांच्यांत जन्म काढावा लागेल, असें सांगण्याचें धैर्य आमच्या पूर्वजांच्या कथेंत आहे. वर्षें चौदा! आणि आमच्या कायद्यानें पाळण्यांतील मुलास गुन्हेगार ठरविलें!

सरकारनें आणि न्यायालयांनीं आपलें काम थोडेंबहुत केलें आहे. १७ जुलै २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जमावाच्या हत्यांविरुद्ध सरकारांस सक्त निर्देश दिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं त्याच न्यायालयानें तुरुंगांच्या नियमांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला, आणि विमुक्त जमातींच्या माणसांस जन्मावरून सराईत गुन्हेगार समजण्याची रीत बंद करावयास सांगितलें. म्हणजे सन १८७१ चें टोंक २०२४ पर्यंत आंत होतें! परंतु न्यायालय घरोघर येऊन मुलांस जेवूं घालीत नाहीं. झोळीवाल्याची भीति आपण घालतों. ती आपणच काढली पाहिजे.

याचा उपाय मला सुचतो तो अगदीं लहान आहे. भीति माणसाचें नांव प्रथम हिरावून घेते. 'अमका' जातो आणि 'ते लोक' उरतात. एकदां 'ते लोक' झाले कीं पुढचें सर्व सोपें होतें. म्हणून दाराशीं जो कोणी येईल त्याचें नांव आपण विचारावें, आणि मुलांदेखत विचारावें. संशयाचा प्रसंग आला तर निर्णय करण्याआधीं एक रात्र जाऊं द्यावी. आणि आपली चूक झाली असेल तर ज्यांच्यादेखत आरोप केला त्यांच्याचदेखत ती कबूल करावी. हें तिसरें मला साधलें नाहीं, म्हणून तें अधिक आग्रहानें सांगतों.

गेल्या भाद्रपदांत आमच्या दाराशीं एक डवरी गोसावी आला. हातांत डवरू, खांद्यावर झोळी. नात आधीं माझ्या मागें दडली. मीं त्याला बसावयास पाट दिला आणि नांव विचारिलें. त्यानें नांव सांगितलें, गांव सांगितलें, आणि आपल्यालाही एवढीच नात आहे असें म्हणाला. तेव्हां ती पुढें आली आणि डवरू कसें वाजवितात तें विचारूं लागली. तो गेल्यावर मला म्हणाली, "आजोबा, त्या मुलाचें नांव काय होतें?" घरांत कधींतरी बोललों असेन तें तिच्या कानीं पडलें असावें.

मीं तिला तें नांव सांगितलें, आणि त्या मुलावर मीं काय अन्याय केला तोही सांगितला. चाळीस वर्षांनीं, सत्तावीसांऐवजीं एकीस. टोंक निघालें असें मी म्हणत नाहीं. तें निघावयाचें नाहीं, आणि निघूंही नये. कारण तें आंत सलतें तोंवरच पुढच्या वेळीं माझे डोळे त्या कोपऱ्याकडे वळण्यापूर्वीं क्षणभर थांबतील.